मदत हवी आहे: टोपीवरच्या कॅमेऱ्याच्या पेटंटला ३(के) लावलंय, उत्तर कसं लिहावं?

नमस्कार मंडळी,

पेटंटच्या तपासणीचा अनुभव असलेलं इथे कुणी असेल तर थोडा वेळ द्या. ३(के) म्हणजे पेटंट कायद्यातलं ते कलम, जे निव्वळ अल्गोरिदम किंवा संगणक प्रोग्रामला शोध मानत नाही. विषय रुक्ष आहे, पण मुदत जवळ येत चाललीय आणि फोंड्यात या बाबतीत विचारावं असं माणूस मला सापडलेलं नाही.

आधी वस्तू काय ते सांगतो. माझा मावसभाऊ चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्याच्या अंगाने पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवायला नेतो. दोन्ही हात वल्ह्यावर, म्हणून कॅमेरा टोपीला लावलेला. खारफुटीच्या आत काळोख, आणि मान वळवली की समोर उन्हात चकाकणारी मांडवी. उघड्या उन्हात उजेड लाखभर लक्सपर्यंत जातो, झाडोऱ्यात त्याच्या कित्येक पट कमी. त्यामुळे मान वळली रे वळली की चित्र पांढरंफटक. कॅमेरा सावरेपर्यंत खंड्या मासा घेऊन पसार. उलट वळलं की सगळं काळं.

असं का होतं, तर कॅमेरा आलेल्या फ्रेमचा उजेड मोजतो आणि त्यावरून पुढच्या फ्रेमचं एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, ठरवतो. तेही दमादमाने, कारण एकदम बदललं तर चित्र लुकलुकायला लागतं. हातातल्या कॅमेऱ्यात हे चालून जातं. डोक्यावरच्या कॅमेऱ्यात नाही, कारण माणूस मान किती वेळा आणि किती झटक्यात फिरवतो हे त्याचं त्यालाच माहीत नसतं.

आम्ही काय केलं, तर टोपीच्या दोन्ही कानशिलांवर एकेक छोटा प्रकाश-सेन्सर बसवला, समोरच्या लेन्सपासून साधारण साठ अंश बाहेर बघणारा. मधे जायरो, म्हणजे वळण्याची दिशा आणि वेग मोजणारा सेन्सर. मान उजवीकडे वळायला लागली हे जायरोला पहिल्या काही मिलिसेकंदांतच कळतं. तिथून पुढे एक्स्पोजर ठरवताना उजव्या सेन्सरच्या आकड्याला वजन जास्त, चालू फ्रेमला कमी. सेकंदाला शंभर अंशांच्या वेगाने नव्वद अंश वळायचं तर ०.९ सेकंद लागतो, म्हणजे तीस फ्रेमच्या व्हिडिओत सत्तावीस फ्रेम. एवढ्या वेळात शटर (उजेड घ्यायचा वेळ) आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) हळूहळू सरकवता येतात. लेन्स उजेडासमोर पोचते तेव्हा सेटिंग आधीच तयार असतं.

अर्ज एका एजंटमार्फत भरला, वैयक्तिक अर्जदार म्हणून. त्यांनी पहिला क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणारं वाक्य, असा लिहिलाय: ‘अंगावर घालायच्या उपकरणात सेन्सरच्या माहितीवरून कॅमेऱ्याचं सेटिंग आपोआप बदलण्याची पद्धत.’ बस्स. कानशिलावरचे सेन्सर गेलेत चौथ्या क्लेममध्ये. सातवा क्लेम उपकरणाचा आहे, पण तोही तितकाच मोघम. विचारलं तर म्हणाले, क्लेम रुंद ठेवायचा असतो, नंतर आवळता येतो. आता आवळायची वेळ आली, तर ते फोन उचलत नाहीत.

चवथीच्या गडबडीत मुंबई कार्यालयाचा पहिला तपासणी अहवाल आला. कलम ३(के): हा निव्वळ अल्गोरिदम. नावीन्य नाही: डी१ म्हणून एक अमेरिकन अर्ज दाखवलाय, त्यात हेल्मेटवरचा कॅमेरा जायरोवरून शटर छोटं करतो. शोधकतेची पायरी नाही, म्हणजे जाणकाराला हे सहज सुचलं असतं: डी१ अधिक डी२, म्हणजे पुढे-मागे दोन प्रकाश-सेन्सर असलेला फोन. शिवाय ३(एफ), म्हणजे माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी. आणि ‘वजन’ म्हणजे काय ते स्पष्ट नाही, असं कलम १०खाली.

खरं सांगायचं तर पहिला क्लेम वाचून मीही हेच म्हटलं असतं. एक्झामिनरने कागदावरचा क्लेम तपासला, टोपी कुणी पाहिलीच नाही.

तर माझे प्रश्न. चौथ्या क्लेममधले सेन्सर पहिल्यात आणता येतील का, की ‘नवीन मजकूर’ म्हणून उडवतील? ३(के)ला उत्तर कोर्टाच्या निकालांनी द्यायचं की वस्तूच्या रचनेने? आणि अर्ज भरल्यानंतर आम्ही चोडणला ज्या चाचण्या घेतल्या, दोन टोप्या शेजारी शेजारी, एकीत आमची जोडणी आणि एकीत साधी, त्यांचे व्हिडिओ आणि आकडे आता जोडता येतील का?

— कुर्टीचा वायरमन

अँटॉप हिल वारकरी:

मुंबईतून लिहितोय, हेच काम करतो. तुमचा अर्ज वाचलेला नाही, तेव्हा हा सल्ला नव्हे, दिशा समजा.

मुदत आधी. अहवालाच्या तारखेपासून सहा महिने. ती संपायच्या आत फॉर्म ४ भरला तर आणखी तीन मिळतात. काहीच केलं नाही तर कलम २१खाली अर्ज सोडून दिला असं धरतात, मग रडून उपयोग नाही. उत्तरातच ‘प्रतिकूल निर्णय घेण्याआधी सुनावणी द्यावी’ हे वाक्य घाला. सुनावणी व्हिडिओवर होते, कोकण रेल्वेचं तिकीट काढू नका.

चौथा क्लेम पहिल्यात बिनधास्त आणा. कलम ५९ दोन गोष्टी बघतं: बदललेला मजकूर मूळ तपशिलात (अर्जातल्या शोधाच्या लेखी वर्णनात) होता का, आणि बदललेला क्लेम मूळ एखाद्या क्लेमच्या कक्षेत पूर्ण बसतो का. रुंद क्लेम अरुंद करताय, दोन्ही अटी पुऱ्या. अडचण कधी येते? मूळ क्लेम फक्त पद्धतीचे असतील आणि उत्तरात एकदम उपकरण मागितलं तर. तुमच्याकडे सातवा क्लेम आहे. एजंटने नकळत का होईना, ते एक चांगलं केलंय. मी तुमच्या जागी असतो तर त्या सातव्यालाच पहिला करून पद्धतीचे क्लेम सोडून दिले असते. पण एक लक्षात ठेवा, नुसतं ‘उपकरण’ लिहिल्याने ३(के) टळत नाही. तिथे शब्दापेक्षा सार बघतात.

३(के)साठी निकाल द्या, पण दोनच आणि थोडक्यात. फरीद अल्लानी, दिल्ली उच्च न्यायालय, २०१९. आणि मायक्रोसॉफ्टच्या अपिलावरचा त्याच न्यायालयाचा २०२३चा. दोन्हींचा रोख एकच, की तांत्रिक परिणाम दिसत असेल तर केवळ आत प्रोग्राम आहे म्हणून नाकारू नका. नवीन हार्डवेअर हवंच ही अट २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत होती, २०१७मध्ये ती काढली. पण पेटंट नियंत्रकाला, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला, निकाल पाठ असतात. त्याला हवं असतं ते तुमच्या बाबतीत परिणाम कुठे दिसतो हे.

रीळवाला:

कायद्यातलं कळत नाही, कॅमेऱ्यातलं थोडं कळतं. डी१ आणि तुमची वस्तू वेगळे प्रश्न सोडवतात असं मला वाटतं. १२० अंशांची लेन्स, आडवे १९२० पिक्सेल, म्हणजे अंशाला १६. शंभर अंशांच्या वेगाने मान फिरतेय आणि शटर १/५० असेल तर चित्र दोन अंश घसरतं, ३२ पिक्सेल. १/५०० केलं तर तीनच्या आसपास. डी१ हे करतो. जायरो तिथे *अस्पष्टपणा* कमी करायला आहे. तुमच्याकडे जायरो सांगतो की *पुढचा उजेड कुठून येणार*. हा हिशेब उत्तरात घाला, एक्झामिनर इंजिनिअरच असतो.

एक शंका. मान अर्ध्यात थांबली तर? जायरोला सुरुवात कळते, शेवट नाही.

कुर्टीचा वायरमन:

@रीळवाला, बरोबर पकडलंत. त्यासाठीच वजन स्थिर नाही. वेग उतरायला लागला की सेन्सरचं वजन उतरतं आणि फ्रेमचं चढतं. मान थांबली की सगळं फ्रेमच्या हाती. मूळ तपशिलात वेग आणि वजन यांचा तक्ता आहे, आकृती ३ खाली. क्लेममध्ये मात्र अक्षर नाही.

अँटॉप हिल वारकरी:

मग तो तक्ता म्हणजे तुमचं कलम १०चं उत्तर आणि ३(एफ)चंही. ३(एफ) म्हणतं की माहीत असलेल्या वस्तू *एकमेकींपासून स्वतंत्रपणे* आपापलं जुनंच काम करत असतील तर तो शोध नाही. दोन बिऱ्हाडं एका वाड्यात राहिली म्हणून एक संसार होत नाही, तसं. तुमच्याकडे कोणत्या सेन्सरवर किती विश्वास ठेवायचा हे जायरो ठरवतो. जायरो काढला तर कानशिलावरच्या सेन्सरना अर्थ नाही, ते काढले तर जायरो आंधळा. डी१मध्ये बाजूचा उजेड नाही, डी२मध्ये वळणं नाही. दोन्ही टेबलावर ठेवले तरी तिसरी गोष्ट आपोआप निघत नाही, हे दाखवा. नाहीतर एक्झामिनर सुप्रीम कोर्टाच्या बिश्वनाथ प्रसाद निकालातलं ‘वर्कशॉपमधली सुधारणा’, म्हणजे कुणीही कारागीर करील अशी, हे शेपूट लावेल. (तो खटला भांडी बनवायच्या यंत्राचा होता, १९७९मध्ये छापून आला. अजून सगळ्यांच्या मानगुटीवर आहे.)

चाचण्यांबद्दल: तपशिलात आता काहीही घालता येणार नाही. पण उत्तरासोबत प्रतिज्ञापत्रावर पुरावा म्हणून देता येतात. फक्त तपशिलात आधीच सांगितलेल्या परिणामाचा तो पुरावा हवा, नवा परिणाम नको.

डिचोलीचो बाबू:

पात्रांव, एक विचारतो. अर्ज भरायच्या आधी भावाने व्हिडिओ कुठे टाकले नव्हते ना? आपले लोक आधी रील टाकतात, मग वकील शोधतात. आणि डी१ कधी प्रसिद्ध झाला ती तारीख बघितली का? तुमच्या तारखेनंतरचा असेल तर शोधकतेच्या मुद्द्यात तो धरताच येत नाही.

कुर्टीचा वायरमन:

नाही, सेन्सरवाली टोपीच अर्जानंतर होडीत गेली. त्याआधी माझ्या टेबलावर होती, दिव्याखाली. डी१ दुर्दैवाने बराच जुना आहे.

रीळवाला:

जुनंच काढायचं तर मायक्रोसॉफ्ट रिसर्चचा सेन्सकॅम घ्या, किंवा २०१३चा ऑटोग्राफर. दोन्ही अंगावर घालायचे कॅमेरे, दोन्हींत उजेडाचा आणि हालचालीचा सेन्सर. पण तिथे सेन्सर ठरवतात फोटो *कधी* काढायचा. पुढचं एक्स्पोजर कसं असावं हे नाही. सुनावणीत कुणी काढलंच तर उत्तर तयार ठेवा. स्वतःही शोधा, गुगल पेटंट्स आणि एस्पेसनेट फुकट आहेत, कॅमेऱ्यांचा पेटंट-वर्ग एच०४एन २३.

कुर्टीचा वायरमन:

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. काल रात्री बसून सातवा क्लेम पुन्हा लिहिला, कसा वाटतो सांगा:

‘डोक्यावर घालायचं उपकरण, ज्यात पुढे बघणारा कॅमेरा, त्याच्या अक्षापासून दोन्ही बाजूंना कोनात बसवलेले किमान दोन प्रकाश-सेन्सर, डोक्याच्या वळण्याची दिशा व वेग मोजणारा जायरो, आणि असा नियंत्रक, जो वळण्याच्या दिशेकडच्या सेन्सरच्या मापाला वेगानुसार बदलणारं वजन देऊन, लेन्स त्या दिशेला पोचण्याआधी कॅमेऱ्याचं शटर व गेन बदलतो.’

साठ अंश हा आकडा मुद्दाम घातलेला नाही. तो घालावा का? घातला तर उद्या कुणी पन्नास अंशांवर बसवून मोकळा होईल.

अँटॉप हिल वारकरी:

आकडा मुख्य क्लेममध्ये नको. तपशिलात ‘४५ ते ७५’ अशी काही मर्यादा दिली असेल तर ती खालच्या क्लेममध्ये ठेवा, म्हणजे सुनावणीत एक पायरी मागे यायला जागा राहील. नसेल दिली तर साठच ठेवा, पण तोही खालीच. ‘पोचण्याआधी’ हे शब्द मात्र कुणीही सांगितलं तरी काढू नका. आणि बदललेला क्लेम दोन प्रतींत द्या, एक स्वच्छ, एक बदल दाखवणारी. एजंट खरंच फोन उचलत नसेल तर मुखत्यारपत्र रद्द केल्याचं पत्र आधी पाठवा, नाहीतर सुनावणीची नोटीस त्यांच्याच ईमेलवर जाऊन पडेल.