कपॅसिटिव्ह क्लॅम्प लावला की आरएस-४८५ बंद, टीव्हीएस बदलू का?

सोल्डरवाला:
मंडळी, आमच्या टेंपरेचर कंट्रोलरची ईएफटी टेस्ट (वायरवर झटपट स्पाइकचे झुबके, म्हणजे बर्स्ट, सोडून बघायची) चालू आहे, आयईसी ६१०००-४-४. मेन्सवर २ केव्ही निवांत पास होतोय पण आरएस-४८५ची (लॅपटॉपशी बोलणारी दोन वायरींची लाइन, ए आणि बी) केबल कपॅसिटिव्ह क्लॅम्पमध्ये (केबलला न जोडता तिच्यावर स्पाइक चढवणारी पट्टी) ठेवून १ केव्ही दिला की लॅपटॉपवर टाइमआउट, सगळं बंद-चालू केल्याशिवाय परत येतच नाही. ए आणि बी मध्ये टीव्हीएस (स्पाइक दाबणारा डायोड) आहे. स्कोपचा प्रोब लावला तर कुठेही बघा स्पाइकच स्पाइक, अगदी ग्राउंडवरसुद्धा.

जुना_टेस्टवाला:
प्रोबचं आधी सोडा. टिप आणि ग्राउंड क्लिप एकाच पॉइंटला लावा, तरी स्पाइक दिसले तर ते प्रोबच्या लूपमध्येच शिरतायत. आणि नक्की हँग कोण होतंय, कंट्रोलर की लॅपटॉप? क्लॅम्प काय एकाच बाजूला ढकलत नाही, बर्स्ट केबलच्या दोन्ही टोकांना जातो. जनरेटर क्लॅम्पच्या कुठल्या टोकाला जोडलाय? कंट्रोलरच्या जवळच्या टोकाला पाहिजे.

सोल्डरवाला:
कंट्रोलरचा डिस्प्ले व्यवस्थित चालू असतो. लॅपटॉपवरचा कॉम पोर्टच गायब होतो! जनरेटर लांबच्या टोकाला आहे, लॅबवाल्याने तसाच लावून दिला.

मिलीओहम:
मग बोर्डाला कशाला शिव्या, लॅपटॉपला लावलेला यूएसबी-आरएस-४८५ कन्व्हर्टर मरतोय. क्लॅम्प आणि कन्व्हर्टरच्या मध्ये फेराइटवर (हाय फ्रिक्वेन्सी अडवणारी रिंग) केबलचे तीन-चार वेढे घ्या, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. नुसता आयसोलेटेड कन्व्हर्टर घेऊन भागत नाही हां, आतल्या डीसी-डीसी सप्लायच्या वाइंडिंगमध्ये काही पिकोफॅरड असतातच आणि ५ नॅनोसेकंदाच्या एजला तेवढे पुरतात. टीव्हीएसचं म्हणाल तर बर्स्ट कॉमन मोड आहे, म्हणजे दोन्ही वायरींवर एकदमच येतो, ए-बी मधला टीव्हीएस त्याला बघतसुद्धा नाही, चॅसीकडे जायला रस्ता द्या. केबलच्या शील्डची शेपटी (चॅसीला जोडायला पिळून काढलेली वायर) ५ सेंटिमीटर ठेवली असेल तर तिथेच साधारण ५० नॅनोहेन्री झाले, शील्ड गोल क्लॅम्पनेच आवळा.

सोल्डरवाला:
फेराइट लावलं, जनरेटरचं टोक बदललं, कॉम पोर्ट आता जात नाही. अधूनमधून सीआरसी एरर (डेटा बिघडल्याची खूण) येतो पण रिट्राय होऊन आपोआप सावरतं. क्रायटेरिया बी (तात्पुरतं बिघडून आपोआप सावरलं तर पास) धरू ना?

जुना_टेस्टवाला:
टेस्ट प्लॅनमध्ये तसं आधीच लिहिलं असेल तर धरा, नंतर घुसवू नका. पल्स ५ किलोहर्ट्झवरच दिले असतील तर १०० किलोहर्ट्झवर पण करून बघा. तिथे बर्स्ट ०.७५ मिलिसेकंदाचाच असतो, पण पल्स दर १० मायक्रोसेकंदाला, म्हणजे ९६०० बॉडला एका बिटात दहा.