सेवाशिक्षण म्हणे! सरळ बिनपगारी नर्स म्हणा

म्हापशेकर: काल इथे एकाने लिहिलं, एमएस्सी नर्सिंगच्या मुलींना इस्पितळांशी जोडा, सेवाही होईल नि शिक्षणही. डोकंच सणकलं. नर्सिंग कौन्सिल म्हणतं, शिकवणाऱ्या इस्पितळात तीन रुग्णांमागे एक नर्स. रात्रपाळीला जाऊन मोजा! भरती करायची नाही आणि भोक बुजवायला ह्या मुली. बीएस्सी झाल्यावर वर्षाचा अनुभव असल्याशिवाय एमएस्सीला घेत नाहीत. म्हणजे तयार नर्सच.

ट्यूटरबाई: मी हे सेवाशिक्षणच शिकवते. ड्युटी करून घेणं वेगळं. इथे वॉर्डाने आपली अडचण सांगायची, मुलींनी त्यावर काम करायचं, काय उमगलं ते लिहायचं. आमच्या मुलींनी बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, टाळायला दर दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता प्रत्येक खाटेला लावला.

म्हापशेकर: आणि कूस कोणी बदलली? तक्त्याने?

ट्यूटरबाई: मुलींनीच. घ्या, हा मुद्दा तुमचा.

फोंड्याची सून: सासूबाईंच्या डिस्चार्जला स्टाफने इन्सुलिन कसं घ्यायचं ते अर्ध्या मिनिटात उरकलं. एमएस्सीची मुलगी मात्र तासभर बसली, तेही कोकणीतून. दरवेळी टोचायची जागा बदला, वापरातलं पेन फ्रीजमध्ये नको, चवथीला नेवऱ्या (करंज्या हो) किती खायच्या. महिन्याने तपासणीला गेलो तर तिचं पोस्टिंग संपलेलं. तिने काय शिकवलं ते वॉर्डात कोणालाच ठाऊक नाही.

डिचोलीकर: नर्स कमी पडतात त्या गर्दीमुळे. अर्धं बांबोळी, आमचं गोव्याचं सरकारी इस्पितळ, सिंधुदुर्गाच्या रुग्णांनी भरलेलं असतं.

बांदेकर: आलात मूळ पदावर! २०१८ पासून परराज्यातल्यांना पैसे लावलेत तिथे. अपघात झाल्यावर आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गवाल्याने आधी सीमा बघायची की रक्त?

डिचोलीकर: कर आम्ही भरतो.

बांदेकर: तुमच्या हॉटेलांत राबणारी पोरं कुठली? तेव्हा आधारकार्ड बघता?

डिचोलीकर: फुकट नाही राबत, पगार घेतात.

बांदेकर: मग आम्हीही बिल भरतोच की!

ट्यूटरबाई: अहो, धागा नर्सिंगचा आहे.

जुनी एमएस्सी: प्रबंधासाठी प्रश्नावली घेऊन गेले तर वॉर्डसिस्टर म्हणाली, "तू भरून घेशील नि जाशील, आम्हाला काय?" जाम राग आला. तेव्हा मार्क दिसत होते ना! आता मी स्वतः इनचार्ज आहे, तेच वाक्य दरवर्षी नव्या मुलींना ऐकवते.

म्हापशेकर: बरं बाबा. विद्यावेतन द्या, करारात लिहा की ह्या मुली ड्युटीच्या यादीत धरायच्या नाहीत, आणि जाताना काम वॉर्डाच्या हवाली करूनच जायचं. मग गेटवर हार घेऊन मीच उभा राहतो.

बांदेकर: आमच्या सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या मुली आल्या तरी?

म्हापशेकर: त्यांना लहान हार.