अंध बायकांबरोबर केलेल्या ध्वनिकलेत कात्री कुणाच्या हातात असावी?

कानोसा (धागाकर्ती)

मी ध्वनिसंकलक आहे. पोटापाण्यासाठी जाहिराती आणि माहितीपट करते, अधूनमधून कलादालनांचं काम येतं. काही वर्षांपूर्वी असंच एक काम केलं आणि ते अजून मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

कल्पना चांगली होती. नऊ दृष्टिबाधित बायकांच्या हाती छोटे रेकॉर्डर द्यायचे, महिनाभर त्यांनी आपापला दिवस टिपायचा आणि त्यातून काळोख्या खोलीत ऐकणाऱ्याला चहूबाजूंनी वेढणारी ध्वनिरचना उभी करायची. जवळजवळ चाळीस तासांचं ध्वनिमुद्रण आलं.

त्यातला एक तुकडा सांगते. एक बाई पोळ्या करतेय. तवा तापला का, हे ती पाण्याचा थेंब टाकून ऐकते. "चर्रर्र" असं रेंगाळलं तर अजून थांबायचं. "चट्" करून संपलं की पोळी टाकायची. शेजारी तिची जाऊ उभी आहे आणि दोघींचं कुकरवरून भांडण चाललंय, शिट्ट्या तीन झाल्या की चार. शेवटी कळतं, चौथी शिट्टी शेजारच्या घरातली होती. मग दोघी जे हसतात! मी हेडफोन लावून एकटीच हसत बसले होते.

तो तुकडा कलाकृतीत नाही. मुख्य कलाकाराचं म्हणणं पडलं की हे फार घरगुती आहे, अंधत्व जाणवत नाही. उरलं काय, तर काठीची टकटक, अंगावर येणारे हॉर्न, धापा आणि त्याखाली एक गंभीर घुमणारा सूर. कापलं मीच. उद्घाटनाला त्या नऊजणी आल्या होत्या. पोळ्यावाल्या ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मला विचारलं, "माझा तवा कुठंय?"

माझं मत आता पक्कं झालंय. अशा कामात काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवताना त्या बायका संकलनाला बसलेल्या असल्याच पाहिजेत, आणि त्यांचा शब्द शेवटचा असला पाहिजे. नुसता आवाज त्यांचा आणि अर्थ आपला, याला मी सहनिर्मिती म्हणणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

रंगपट

पूर्ण असहमत, आणि कळकळीने असहमत. तीस वर्षं नाटक करतोय. दहाजणांनी मत देऊन संकलन केलं की कुणाचंच न दुखावणारं आणि कुणालाच न हलवणारं काहीतरी तयार होतं. कलाकृतीला एक धनी लागतो. तवा काढला हे तुम्हाला चुकीचं वाटलं, तो तुमचा आणि त्या कलाकाराचा रसिकतेतला मतभेद झाला. त्यावरून नियम कशाला करायचा?

आणि अंधाराला इतकं कमी लेखू नका. आंद्रेयास हाइनेके यांनी १९८८ साली फ्रँकफर्टमध्ये 'डायलॉग इन द डार्क' सुरू केलं. पूर्ण काळोखात डोळस माणसाला अंध वाटाड्या फिरवतो. पुढे ते किती देशांत गेलं, आपल्याकडे हैदराबादलाही आलं. जन्मात कधी अंध माणसाशी न बोललेली माणसं तिथून विचार करत बाहेर पडतात. हे काही थोडं झालं नाही.

स्वरूपा_ठाणेकर

नमस्कार. मी जन्मापासून अंध आहे, बँकेत नोकरी करते, हा धागा फोनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन वाचक सॉफ्टवेअरकडून ऐकला. रंगपट, तुम्ही दिलेल्या उदाहरणात एक गोष्ट तुम्हीच सांगून टाकलीत: तिथे अंध माणूस वाटाड्या असतो. त्याला त्या कामाचा पगार मिळतो आणि त्या खोलीत डोळस माणूस त्याच्यावर अवलंबून असतो. कानोसाताईंच्या प्रकल्पात वाटाड्या कोण होतं?

काळोखाबद्दलही बोलायला हवं. तुम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून दहा मिनिटं धडपडता आणि तुम्हाला वाटतं, हेच आमचं जगणं. तो तुमचा अंधत्वातला पहिला दिवस असतो. माझा बारा हजारावा आहे. मी घाबरत काठी टेकत नाही, काठीच्या आवाजावरून भिंत संपून बोळ सुरू झाला हे मला कळतं. शिवाय आमच्यातल्या बहुतेकींना मिट्ट काळोख दिसत नसतो. कुणाला उजेड कळतो, कुणाला रंग, कुणाला एका कोपऱ्यातलंच दिसतं. काळोखी खोली हे डोळसांनी आमच्याबद्दल काढलेलं चित्र आहे.

आता हेडफोन. मला अशा एका ठिकाणी बोलावलं होतं, दोन्ही कान झाकणारे हेडफोन लावून खुर्चीत बसवलं. मी दोन मिनिटांत एक कान उघडा केला. बाईमाणूस, अनोळखी खोली, शेजारी कोण बसलंय माहीत नाही आणि कानच बंद! तुमच्यासाठी तो ध्वनीत बुडून जाण्याचा अनुभव असेल, माझ्यासाठी ते डोळे झाकणं आहे. रस्त्यावर मागून येणारी पावलं माझ्या वेगाने चालतायत की स्वतःच्या, हे मी रोज ऐकत असते. "मदत करतो" म्हणून दंडाला धरणारा हात येण्याआधी त्याच्या शर्टाची सळसळ येते. हे ज्या बाईला ठाऊक आहे ती संकलनाला बसली असती, तर बंद हेडफोनचा निर्णय झालाच नसता.

चॅनल_चार

स्वरूपाताई, अनुभव मान्य, पण तांत्रिक बाजू मांडू द्या. हेडफोनवरचं बायनॉरल ध्वनिमुद्रण उभं असतं ते दोन कानांतल्या फरकावर. डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला पोचायला जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ जास्त लागतो, आणि डोकं मध्ये आल्यामुळे तो जरा मंद होतो. मेंदू यावरून दिशा काढतो. एक कान उघडा केलात तर सगळा डोलारा कोसळला. म्हणजे तुमच्या सोयीसाठी माध्यमच सोडायचं का? संकलनाला कुणाला बसवायचं ते बसवा, पण माध्यमाचे नियम मतदानाने बदलत नाहीत.

स्वरूपा_ठाणेकर

माध्यम सोडा असं कुठे म्हटलं? ते निवडण्याआधी विचारा, इतकंच.

कानोसा

चॅनल_चार, हेडफोन हे एकच माध्यम कुठे आहे? जॅनेट कार्डिफ या कॅनेडियन कलावतीचं २००१ सालचं 'फॉर्टी पार्ट मोटेट' घ्या. सोळाव्या शतकातल्या थॉमस टॅलिसची चाळीस स्वतंत्र आवाजांसाठीची रचना, आणि प्रत्येक आवाजाला स्वतःचा एक स्पीकर. चाळीस स्पीकर लंबवर्तुळात उभे. मधे थांबा, सगळा समूह ऐकू येतो. एका स्पीकरशी जाऊन कान लावा, एकाच गायकाचा श्वास ऐकू येतो. कान उघडे, पाय मोकळे, आणि तरी वेढून टाकणारं. हे काम अंध बायकांबरोबरचं नाही, पण खोलीत चालत जाऊन आपलं ऐकणं आपण निवडायचं, हे स्वरूपासारखीला सहज जमेल. भिंतीला दोर किंवा जमिनीवर पायाला लागणारी पट्टी असली की झालं.

रंगपट

चर्चा भलतीकडे चालली. मी सोयीच्या विरोधात नाही. माझा मुद्दा कलेच्या धाडसाचा आहे. २०२० मध्ये लंडनच्या डॉनमार वेअरहाउस या नाट्यगृहाने 'ब्लाइंडनेस' हे नाटक केलं. नट रंगमंचावर नाहीत, प्रेक्षक अंतर राखून बसलेले, कानाला हेडफोन, अभिनेत्री ज्युलिएट स्टीव्हनसनचा आवाज तुमच्या खांद्यामागून फिरतोय. टाळेबंदीनंतरच्या त्या दिवसांत नाटक जिवंत ठेवणारं काम होतं ते. समित्यांच्या परवानगीने असलं काही घडलं असतं?

स्वरूपा_ठाणेकर

त्या नाटकातली गोष्ट काय आहे तेही सांगा ना. पोर्तुगीज लेखक सारामागोंच्या कादंबरीवरून आहे: अंधत्वाची साथ येते आणि माणसं जनावरासारखी वागू लागतात. याच कादंबरीवर २००८ मध्ये चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतल्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्या संघटनेने चित्रपटगृहांबाहेर निदर्शनं केली होती. तंत्र उत्तम असेल. पण आमचं न दिसणं तिथे दुसऱ्याच कशाचं तरी प्रतीक म्हणून वापरलंय. धाडस दाखवायचं तर आम्ही पोळ्या करतो, भांडतो, हसतो हे ऐकवण्याचं दाखवा. ते अजून कुणी फारसं केलेलं नाही.

मध्यलय

मीही दृष्टिबाधित आहे, तबला शिकवते. पण मी या धाग्यातल्या दोन्ही बाजूंवर नाराज आहे.

लहानपणी शाळेत आम्हाला दोनच वाटा दाखवल्या, गाणं-वाजवणं किंवा खुर्च्या विणणं. "देवाने डोळे नेले पण कान दिले" हे वाक्य मी इतक्या सत्कारांत ऐकलंय की त्या शालींचा ढीग घरात पडलाय. देवाने मला कान जास्त दिलेले नाहीत. सोळा वर्षं रोज रियाज केलाय. आता हे ध्वनिकलावाले येतात आणि पुन्हा तेच: अंध बाई म्हणजे आवाज. तिला चित्र, शिल्प, संगणक काहीच नाही. आणि कानोसाताई, तुम्ही म्हणता संकलनाला बसवा. शिकवल्याशिवाय बसवून काय होणार? महिनाभर रेकॉर्डर हातात देऊन कुणी कलाकार होत नाही. तो रियाजाचा अपमान आहे. कलादालनाच्या भिंतीवर माझ्या नावाखाली 'सहभागी अंध महिला' असं लिहिलेलं मला नको. काम चांगलं असेल तर 'कलाकार' लिहा, नसेल तर लिहूच नका.

कैरोचा 'अल नूर वल अमल' हा वाद्यवृंद माहीत असेल. संस्था १९५४ची, संगीत शिक्षण १९६१पासून. सगळ्याजणी अंध किंवा दृष्टिबाधित. हात वाद्यावर असल्याने वाजवताना ब्रेल स्वरलिपी वाचता येत नाही, म्हणून सगळं आधी पाठ करतात आणि मंचावर समोर संचालक नसताना वाजवतात. त्यामागे वर्षानुवर्षांची तालीम आहे. तिथे कुणी त्यांना 'अनुभव सांगा' म्हणत नाही. वाजवा म्हणतात.

कानोसा

मध्यलय, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तुम्ही म्हणता ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शिकवण्याचा खर्च कुठल्याच प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात नसतो, आमच्याही नव्हता. पण एका बाबतीत मी हटणार नाही. तवा ठेवायचा की काढायचा हे कळायला सोळा वर्षं लागत नाहीत. तो तिचा तवा आहे. संकलनाचं तंत्र मी करीन, निवड तिची.

सह्याद्री७२

एक साधा प्रश्न, राग मानू नका. बायकाच का? अंध पुरुषांना अडचणी नाहीत का? उगाच आणखी एक भिंत कशाला?

स्वरूपा_ठाणेकर

राग नाही. २०११च्या जनगणनेत दृष्टिबाधित म्हणून नोंदलेली ५० लाख ३२ हजार माणसं आहेत, त्यांत २३ लाख ९४ हजार स्त्रिया. म्हणजे निम्म्याला थोड्याच कमी. आता लोकलच्या दिव्यांग डब्यात संध्याकाळी चढून बघा, त्यात अंध बायका किती आणि पुरुष किती. दादरची अंध मुलींची शाळा १९०० सालापासून आहे, म्हणजे मुली शिकत नाहीत असं नाही. शिकून घरात बसतात. "पडशील, कुणी काही करेल." माझ्या भावाला काठी मिळाली दहाव्या वर्षी, मला बाविसाव्या. भाऊही अंधच आहे.

म्हणून रेकॉर्डर महत्त्वाचा वाटतो. "आवाज टिपायला जातेय" हे घराबाहेर पडायला कारण होतं. माझी मैत्रीण अशाच एका कामामुळे पहिल्यांदा एकटी बाजारात गेली. तिने टिपलेल्या आवाजाचं पुढे काय झालं ते तिला माहीत नाही, पण ती आता दर रविवारी जाते.

चॅनल_चार

हे वाचून दोन दिवस विचार केला. एक कबूल करतो. आम्ही ध्वनिमुद्रक "त्यांना आवाजाची पातळी पडद्यावर बघता येणार नाही, आवाज फाटेल" असं म्हणून रेकॉर्डर स्वतःकडेच ठेवायचो. ते कारण आता उरलेलं नाही. ३२ बिट फ्लोटवर मुद्रण करणाऱ्या रेकॉर्डरला पातळी लावावीच लागत नाही. कुजबुज आणि फटाका दोन्ही नंतर सावरता येतात. रेकॉर्डर बनवणाऱ्या झूम कंपनीच्या २०२४ साली आलेल्या एसेन्शियल मालिकेत तर मेनू बोलून दाखवण्याची सोय आहे. पण शेवटचा शब्द कुणाचा, याबद्दल मी अजून रंगपट यांच्याच बाजूने आहे. मिश्रणात दोन धनी चालत नाहीत.

रंगपट

धन्यवाद, चॅनल_चार. आणि मध्यलय यांच्याशी माझं जास्त जमतंय असं दिसतं. एकच धनी, हे मी अजूनही म्हणतो. तो धनी अंध स्त्री असायला माझी काडीचीही हरकत नाही. तिने डोळस लोकांचं चाळीस तासांचं ध्वनिमुद्रण घ्यावं आणि तिला हवं तसं कापावं. मी ऐकायला येईन.

मध्यलय

हे मला पटलं. अगदी याच शब्दांत मला हवं होतं.

स्वरूपा_ठाणेकर

मग मी एक मागते. पावसाचं. जॉन हल या बर्मिंगहॅमच्या अंध प्राध्यापकांनी आपल्या ध्वनिफितींवरच्या दैनंदिनीत सांगितलंय की पाऊस पडला की त्यांना बाग कळते. पानांवर वेगळा, छपरावर वेगळा, पायरीवर वेगळा, सगळ्या वस्तूंना कडा येतात. वाचून फार आनंद झाला होता, पण माझ्या पावसाचं तसं नाही. ठाण्यात जुलैमध्ये पत्र्यावर धो धो कोसळतो तेव्हा माझं सगळं पुसलं जातं. रिक्षा कळत नाही, काठीचा आवाज कळत नाही. फलाटावर दिव्यांग डब्याच्या जागी वाजणारी ती बारीक टुंई टुंई ऐकू येत नाही. मग मी खांबाला पाठ लावून उभी राहते आणि पाऊस जरा उणावला की आधी पन्हाळ परत येते, मग चप्पल, मग माणसं, आणि सगळ्यात शेवटी ती टुंई टुंई. हा परत येण्याचा क्रम मला खोलीभर स्पीकर लावून ऐकवायचाय. काळोख नको, दिवे चालू ठेवा. कापायला मी बसणार.

कानोसा

स्वरूपा, स्पीकर आठ आहेत माझ्याकडे, बाकीचे भाड्याने मिळतील. रेकॉर्डर आणते. पाऊस लागेपर्यंत आपल्याला दोन महिने आहेत, तेवढ्यात संकलनाचं सॉफ्टवेअर स्क्रीन वाचकावर चालवून शिकू, तू आणि मीही, कारण मला ते पडदा न बघता चालवता येत नाही. मध्यलय, तुम्ही शिकवायला याल का? मानधन ठरवूनच बोलावतेय. आणि पोळ्यावाल्या ताईंचा फोन शोधला, लागला. तवा तोच आहे म्हणाल्या.

मध्यलय

शनिवारी येते. रेकॉर्डरच्या लाल बटणावर नेलपॉलिशचा जाड ठिपका देऊन ठेवा, वाळायला वेळ लागतो.