एअर इनटेक बदलल्यापासून चेक इंजिन लाइट पेटतो आहे, कोड पी०१७१: नेमके कुठे पाहावे?

नमस्कार मंडळी,

माझी गाडी १.५ लिटर पेट्रोल इंजिनाची, बीएस ४, मॅन्युअल गिअरची सेडान आहे आणि तिला सीएनजी किट नाही. कुर्ल्याकडच्या एका गॅरेजातून मी मूळचा एअर फिल्टरचा बंद डबा काढून त्या जागी उघडा, शंकूच्या आकाराचा, तेल लावलेला कापडी फिल्टर आणि त्याच्यासोबत येणारा ॲल्युमिनियमचा पाईप बसवून घेतला. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर जुन्या डब्याच्या तोंडाशी होता, तो काढून नव्या पाईपवरच्या खाचेत बसवला आहे. फिल्टर हेडलाइटच्या मागे आहे, खाली बंपरपर्यंत गेलेला नाही.

तेव्हापासून चेक इंजिन लाइट पुन्हा पुन्हा येतो, विशेषतः घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ चढून झाल्यावर. लाइट स्थिर पिवळा असतो, लुकलुकत नाही. स्कॅनर लावला की दर वेळी पी०१७१ हा एकच कोड निघतो, म्हणजे इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. एरवी गाडी नीट चालते, पण तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून जोर दिला की इंजिनातून बारीक टकटक ऐकू येते, जी आधी कधीच येत नव्हती.

हवा कुठून गळते का हे पाहायला गॅरेजात जोडण्यांवर स्प्रे मारून पाहिला, आयडलमध्ये (गाडी उभी असताना इंजिन ज्या किमान वेगाने चालते त्यात) काहीही फरक पडला नाही. सगळ्या क्लिपा घट्ट आहेत, ब्रीदरची बारीक नळी जागेवर आहे आणि सेन्सरवरचा बाण इंजिनाच्या दिशेनेच आहे. फिल्टरचे तेल सेन्सरच्या आतल्या तारेवर बसले असेल या शंकेने सेन्सर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या क्लीनरने धुऊन, पूर्ण वाळवून परत लावला, तरी कोड आलाच.

मला सर्वांत जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट फ्युएल ट्रिमची आहे, म्हणजे इंजिनाचा संगणक (ईसीयू) पेट्रोल ठरलेल्यापेक्षा किती टक्के वाढवतो किंवा घटवतो त्या आकड्याची. काम करून घेण्यापूर्वी तात्पुरती आणि दीर्घकालीन अशा दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक २ ते ३ टक्के दिसत असे. आता गरम इंजिनाच्या आयडलला ती अधिक २२ च्या आसपास असते, २५०० आरपीएमला धरून ठेवली तर २३, आणि चढावर २४-२५. हवा कुठून गळत असेल तर आयडलला आकडा मोठा दिसतो आणि रेस दिली की उतरतो, असे मी सगळीकडे वाचले आहे. इथे तर तो जवळपास एकाच जागी बसून आहे.

गॅरेजचे म्हणणे असे की हा लाइट अशा फिल्टरला येतोच आणि तो सॉफ्टवेअरमधून कायमचा बंद करून मिळेल. तसे करायची माझी तयारी नाही, कारण उद्या खरोखर एखादा मिसफायर झाला (सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटले नाही) किंवा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ लागला तर मला ते कळायलाच हवे. मूळ डबा माझ्याकडे सांभाळून ठेवलेला आहे, पण तो परत लावण्याआधी दोष कशात आहे हे समजून घ्यायचे आहे. तसेच तोपर्यंत गाडी रोज ऑफिसला नेणे इंजिनाच्या दृष्टीने योग्य आहे का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

तुम्ही आकडे नोंदवून दिलेत त्याबद्दल आभार, निम्मे उत्तर त्यांतच आहे. गळती आयडलला जास्त जाणवते हे खरे, आणि तारेवर तेल बसले की चूक सहसा वरच्या प्रवाहाला वाढत जाते. तुमची चूक मात्र सर्वत्र सारख्याच प्रमाणात आहे, म्हणजे सेन्सर शाबूत असून त्याला मिळालेली नळी चुकीच्या मापाची असावी, असा माझा कयास आहे.

एमएएफ सेन्सरची तापलेली तार संपूर्ण नळीतली हवा मोजत नसते. मधल्या छोट्याशा भागातून जाणाऱ्या हवेने तार किती थंड होते एवढेच तिला कळते, आणि ईसीयू त्यावरून एकूण हवेचा हिशेब मांडतो. हा हिशेब मूळ नळीच्या आतल्या व्यासासाठी पक्का केलेला असतो. नळी रुंद झाली की तेवढीच हवा संथ वाहते, तार कमी थंड होते आणि ईसीयूला हवा कमी आली असे वाटून तो पेट्रोलही कमी सोडतो. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ही तूट दाखवतो, ट्रिम वाढत जाते आणि मर्यादेपाशी पोहोचली की पी०१७१. म्हणून दोन्ही नळ्यांचा, सेन्सर जिथे बसतो नेमका तिथला, आतला व्यास व्हर्नियरने मोजा. टेपने मोजू नका, कारण इथे दोन-तीन मिलिमीटरनेही मोठा फरक पडतो.

टकटकीकडे मात्र दुर्लक्ष करू नये. हवा कमी मोजली गेली की इंजिनावर भार कमी आहे असा ईसीयूचा समज होतो आणि तो ठिणगी गरजेपेक्षा लवकर टाकतो. ही टकटक, म्हणजे नॉकिंग, त्यातून येते. शांतपणे चालवायला हरकत नाही, पण चढावर खालचा गिअर घ्या आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दाबू नका. लाइट लुकलुकू लागला तर तो कन्व्हर्टरला इजा करणारा मिसफायर समजावा आणि गाडी तिथेच बाजूला घ्यावी.

आणखी एक पाहा: सायनच्या सिग्नलला गाडी अडकलेली असताना स्कॅनरवर आत येणाऱ्या हवेचे तापमान वाचा. बोनेटखाली उघडा बसवलेला फिल्टर रेडिएटरची गरम हवाच ओढतो, त्यामुळे मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये त्याचा फायदा होण्याऐवजी बहुधा तोटाच होतो. उपाय म्हणून कोणी पाईप बंपरपर्यंत खाली न्यायला सुचवले तर नकार द्या. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात असे तोंड बुडाले तर पाणी सिलिंडरमध्ये जाते, आणि पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

आपण सांगितल्याप्रमाणे लेथवाल्याकडून व्हर्नियरने मोजून घेतले. मूळ तोंडाचा आतला व्यास ६० मिमी आहे, नव्या पाईपचा ६६. क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते, आणि आधीचे २-३ टक्के धरले तर ट्रिमचा आकडा २४ च्या जवळ येतो, म्हणजे स्कॅनरवर जे दिसत होते तेच. सायनला हवेचे तापमान ६० अंशांच्या वर गेलेले पाहिले.

मूळ डबा कंपनीच्या साध्या कागदी फिल्टरसह परत लावला आहे. ट्रिमची बेरीज अधिक ३ वर आली असून चढावरची टकटक थांबली आहे. कोड मुद्दाम पुसला नव्हता, तरी दोष न आढळता गाडी काही वेळा सुरू-बंद झाल्यावर लाइट आपोआप विझला. ६० मिमी तोंडाचा पाईप बंद डब्यासह कोणी बनवत असेल तर जरूर कळवावे. पण सेन्सरची जागा मूळ मापाची असल्याशिवाय आता काही बसवणार नाही.