क्रॉस डॉकिंग केलं की गोडाऊनची गरजच संपते का?

मालवाहू: ऑफिसात सध्या एकच टुमणं, भिवंडीचं गोडाऊन अर्धं सोडा आणि क्रॉस डॉकिंग करा. म्हणजे एका दाराला नाशिकहून मोठी गाडी लागणार, माल उतरला की जागेवरच दुकानांप्रमाणे वेगळा करायचा आणि समोरच्या दाराला लागलेल्या टेम्पोत भरायचा, रॅकवर चढवायचाच नाही. मला तरी पटतंय. पूर्वी राज्याराज्यात डेपो ठेवायचे ते सीएसटी, म्हणजे परराज्यात माल विकला की लागणारा केंद्रीय विक्रीकर, वाचवायला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते कारणच गेलं. मग भाडं, व्याज, उंदीर सगळं आपल्या बोडक्यावर कशाला?

नाईटशिफ्ट: कागदावर झकास. मी डॉकवर उभा असतो म्हणून सांगतो. मागच्या पावसाळ्यात कसारा घाटात ट्रेलर आडवा झाला, आमची रात्री २ ची गाडी उगवली सकाळी ९ ला, तोवर १४ टेम्पो रिकामे उभे, ड्रायव्हर आमच्या नावाने शंख करतायत, दुकानदारांचे फोनवर फोन. चार दिवसांचा माल आत असता तर कोणाला पत्ताही लागला नसता.

मालवाहू: अरे पण आपले डबेवाले १८९० पासून दुसरं काय करतात? स्टेशनवर डबे उतरवले, खुणा बघून वाटले, पुढच्या गाडीत. साठवण शून्य.

सोलापुरी चादर: डबेवाल्यांचं उदाहरण आलंच का 😄 त्यांना लोकलचं टाइमटेबल आहे आणि डबा कोणाचा हे सकाळीच ठरलेलं असतं. तुझ्या गाडीत काय आहे हे तुला गाडी दारात आल्यावर कळणार.

नाईटशिफ्ट: अगदी हेच. यादीत २४० बॉक्स, उतरले २२६, त्यात सहा भिजलेले. आता कोणत्या दुकानाचे कापायचे? पहाटे ३ ला साहेब झोपलेले, आम्ही व्हॉट्सॲपवर फोटो टाकून बसलोय आणि हमाल विचारतायत, भरू का थांबू.

पालेभाजी: नाही पटत. वाशी मार्केटला रात्री गाड्या लागतात, उजाडेपर्यंत मेथी-कोथिंबीर शहरभर पोचते. ठेवून करणार काय, पिवळी पडेल. जो माल टिकत नाही किंवा रोज ठरलेला खपतो त्याला हेच बरं.

सोलापुरी चादर: खपाचा आकडा रोज हातात असेल तर. वॉलमार्टने ८० च्या दशकात हे गाजवलं ते स्वतःच्या गाड्या, स्वतःचे ड्रायव्हर आणि १९८७ मध्ये उभारलेलं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क यांच्या जोरावर. आपण नुसते दोन दरवाजे बांधतो आणि म्हणतो झालं क्रॉस डॉकिंग.

मालवाहू: बरं, मग साबण-बिस्किटं डॉकवरून आणि स्पेअर पार्ट रॅकवर, असं अर्धं-अर्धं केलं तर?

नाईटशिफ्ट: ते चालेल बहुतेक. पण गाडी लेट झाली तर टेम्पोच्या खोळंब्याचे पैसे आणि हमालांची वाराई (चढ-उताराची मजुरी) कोण देणार हे आधी लिहून घे. आमच्याकडे कसाऱ्याच्या त्या रात्रीचं बिल अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतंय.