चार कोंबड्यांचे तुरे फिके पडलेत, कडकनाथचा तर काळाच आहे

दहिवडीकर:
नमस्कार मंडळी. माण तालुक्यात वस्तीवर राहतो. पंधराएक गावरान कोंबड्या, एक असील कोंबडा आणि दिवाळीनंतर आणलेली कडकनाथची जोडी आहे. हल्ली चार गावरान कोंबड्यांचे तुरे फिके गुलाबी झालेत, एकीचा तर पार पांढुरका. अंडी निम्म्यावर आलीत. खाणंपिणं ठीक आहे, पण दुपारी बाकीच्या उकरत असतात तेव्हा या पंख सैल सोडून बसून राहतात. त्यात शेजारच्या अण्णांनी कडकनाथचा काळपट तुरा बघितला आणि म्हणाले, बर्ड फ्लू आहे, सगळ्या मारून पुरून टाक. आई तेव्हापासून घाबरलीय. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिलेली आहे. काय करू?

रानमळा:
लिव्हर टॉनिक आणि बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून पाच दिवस द्या. तुरे लालभडक होतात. हमखास.

खुराडेवाली:
दहिवडीकर, आधी कडकनाथचं मिटवते. झाबुआकडची ही जात. कातडी, जीभ, मांस, सगळंच काळं, तुराही काळपट. तो तसाच असायचा. उलट कडकनाथ म्हणून आणलेली कोंबडी लालभडक तुऱ्याची निघाली तर विकणाऱ्याला जाब विचारा. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून निळा तुरा दिसला की लोकांची गाळण उडते. त्या रोगात तुरा निळा-जांभळा पडतो हे खरं, पण सोबत तोंड सुजतं, पायांवर रक्ताचे डाग येतात आणि एकामागून एक पटापट मरतात. तसं झालं तर मेलेल्याला हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. तुमच्याकडं तसलं काही नाही. अण्णांना चहा पाजा आणि वाटेला लावा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की कडकनाथच्या तुऱ्यावरून आजार ओळखणं अवघड, त्या काळ्यात फिकं-निळं कळतच नाही. तिची चाल, श्वास आणि विष्ठा बघायची.

आता चार फिक्या. तुऱ्याच्या कातडीखाली बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. कोंबडीला घाम येत नाही, त्यामुळं उन्हाळ्यात अंगातली उष्णता ती तुऱ्यातूनही बाहेर टाकते. म्हणून भर दुपारी तुरा बघून काही ठरवू नका. सकाळी खुराडं उघडल्या उघडल्या, दाणे टाकायच्या आधी बघा. आणि एकीची दुसरीशी तुलना नको, तिचाच मागच्या महिन्यातला तुरा आठवा. तुमच्या असीलचा तुरा बसका, तीन धारांचा. लेगहॉर्न मादीचा एवढा वाढतो की एका डोळ्यावर कलंडतो. दोघांचंही बरं चाललेलं असतं.

फिका तुरा मुख्यतः दोन कारणांनी. एक तर अंडी थांबली, नाहीतर अंगातलं रक्त कमी झालं. तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, अंड्यावर यायला लागली की तुरा वाढतो, लाल होतो, हाताला गरम लागतो. तीच पुढं खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की तुरा आक्रसतो, रंग उतरतो. पिसं झडतात तेव्हाही तेच. त्याला औषध लागत नाही. फरक कळायला कोंबडी काखेत धरा आणि छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर बाई सुट्टीवर आहे. हाड धारेसारखं वर आलं असेल तर ती झिजतेय. मग अंगठ्यानं खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघा. तोही पांढरा असेल तर जंत, रक्ती हगवण, नाहीतर खुराड्यातले रात्रीचे पाहुणे.

माझा संशय पाहुण्यांवर. सगळ्या नाही, चारच फिक्या, आणि खाणं सुटलेलं नाही. या चौघी रात्री शेजारी शेजारी बसतात का? आज जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन जा. बसायच्या काठीची खालची बाजू, भिंतीत ती जिथं रुतते ती खोबण, पत्र्याचा सांधा, एवढंच बघायचं. काठीवरून पांढरं फडकं दाबून फिरवा. फडक्याला तांबडे डाग लागले तर लाल किडे. भोपळ्याच्या बीसारखं चपटं, तपकिरी काही सरपटताना दिसलं तर गोचीड. दिवसा दोन्ही फटीत शिरून बसतात. गोचिडीची पिल्लं मात्र आठवडाभर कातडीला चिकटून असतात, पंखाखालची पिसं फुंकरीनं बाजूला केली की निळसर काळे ठिपके दिसतात.

रानमळा, टॉनिकला माझी ना नाही. पण रात्री कुणी रक्त पीत असेल तर त्या बाटलीचे पैसे किड्यांनाच पोसायला जातात.

दहिवडीकर:
ताई, रात्री गेलो होतो. तिघी खरंच भिंतीकडच्या टोकाला बसतात. काठी बाभळीची, साल तशीच ठेवलेली. साल उचकटली तर खाली चपट्या गोचिडी, एक दगडावर ठेचली तर रक्ताचा डाग पडला. चौथी तिथं नसतेच, ती गव्हाणीत अंड्यांवर बसून असते आणि हात घातला की चोच मारते. भाऊ म्हणतोय, डाळिंबावर मारायचं औषध शिल्लक आहे, पंपानं मारून घेऊ. मारू का?

खुराडेवाली:
अजिबात नाही! कोंबडी चोचीनं पिसं साफ करते, ते विष सरळ पोटात जातं आणि अंड्यातही उतरू शकतं. चौथी तर खुडूकच, तिला रवणीला, म्हणजे पिल्लं काढायला, बसवा किंवा बसणं मोडायचं तर चार दिवस उजेडात, गवत न घालता ठेवा.

कोंबड्या दुसरीकडं डालग्याखाली हलवा. ती काठी जाळून टाका. नवी घ्याल ती साल काढून, तासून घ्या आणि भिंतीला टेकू देऊ नका. दगडविटांच्या फटींवर फ्लेम गन मारा, छपराला गवत किंवा पाचट असेल तर फ्लेम गनचं नाव काढू नका, उकळतं पाणी ओता. मग फटी लिंपून चुना द्या. आठवड्यानं सगळं पुन्हा, कारण अंडी मागं राहतात. खुराडं रिकामं ठेवून गोचीड उपाशी मरेल या भरवशावर राहू नका, ती महिनोन्‌महिने तग धरते. कोंबडीच्या अंगाला लावायचं औषध दवाखान्यातूनच आणा, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत तेही तिथंच विचारून घ्या. गोचिडीतून कोंबड्यांना एक तापही येतो. हिरवी हगवण लागली आणि पायातली ताकद गेली तर थांबू नका, थेट डॉक्टर.

तुरे उद्या लाल होणार नाहीत. रक्त भरायला काही आठवडे लागतील, अंडी त्याच्याही नंतर.

गोठा_आणि_बरंच:
मध्येच घुसतो. माझ्या कोंबड्याच्या तुऱ्यावर काळ्या खपल्या आल्यात. मारामारी म्हणायची की देवी?

खुराडेवाली:
मारामारीची खपली चोच बसली तिथंच असते. पापणीवर, चोचीच्या कडेला, गळ्याखालच्या लोंबत्या मांसावर चामखिळीसारखे फोड असतील तर देवी. डास पसरवतात. खपल्या खरवडू नका, त्यातच विषाणू टिकून राहतो. चोच उघडून आत पिवळट पापुद्रा आहे का बघा, असेल तर श्वास कोंडतो, त्याला लगेच दवाखान्यात न्या. नसेल तर बहुतेक वेळा तीन-चार आठवड्यांत बरा होतो. बाकीच्यांना लस पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. एका कुपीत बऱ्याच कोंबड्या होतात आणि फोडलेली कुपी ठेवता येत नाही, तेव्हा वस्तीवरच्या सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी टोचून घ्या.