ब्रेस्ट रिडक्शननंतर कोणती ब्रा घेऊ, घरात काय आणून ठेवू?

पुढच्या महिन्यात स्तन लहान करायचं ऑपरेशन आहे, मान-खांदे दुखून जीव नकोसा झालाय. काय काय लागेल?

— ताई, पुढून हुक किंवा चेनवाली, तार नसलेली सर्जिकल ब्रा घे, निदान दोन, एक धुवायला जातेच. मला 6 आठवडे रात्रंदिवस घालायला सांगितलेली. हात वर होत नाहीत गं, म्हणून पुढून बटणांचे गाऊन काढून ठेव.

— पाठीवरच झोपायचं, उशा लावून टेकून. गाडीत सीटबेल्टखाली छोटी उशी. चहासाखरेचे डबे आत्ताच खालच्या फळीवर आण, मी विसरले आणि फार हाल झाले.

— महागडी ब्रा लगेच नको, सूज उतरायला महिने लागतात. एक बाजू अचानक फुगली किंवा ताप आला तर थेट सर्जनला फोन कर, थांबू नकोस.